शिक्का नाही? मग काचेलाच विचारा!

दादरचं आजीचं घर रीडेव्हलपमेंटला गेलं आणि शोकेस रिकामं करायची वेळ आली. "अगं, तो बाउल दे भंगारात," आत्या म्हणाली. "सुट्टे पैसेच टाकायचो त्यात." नक्षी झकास, पण कंपनीचं नाव कुठेच नाही. म्हटलं, थांब जरा.

कारण दोनच महिन्यांपूर्वी चोरबाजारात 'ओरिजिनल बेल्जियम कटग्लास' म्हणून मी १,८०० रुपयांना फुलदाणी घेतली होती. घरी आल्यावर बघते तर नक्षीच्या कडा गुळगुळीत, बाजूला साच्याची बारीक शिवण. म्हणजे साच्यात दाबून काढलेली काच. सॉलिड पोपट!

तर फंडा असा. आधी तिरप्या उजेडात शिक्का शोधा. अमेरिकेतल्या हॉक्स, लिबीसारख्या कंपन्यांचे शिक्के अॅसिडने उमटवलेले, अगदी पुसट असतात. नाहीच सापडला तर बोट फिरवा. चाकावर कापलेल्या नक्षीची कड धारदार लागते. मग तळ बघा. वर्षानुवर्षं वापरलेल्या भांड्याला सगळ्या दिशांनी वेडेवाकडे ओरखडे असतात. सगळे समांतर दिसले, तर कुणीतरी सँडपेपर घासलाय!

आता वजन. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ साली नव्या काचेचं पेटंट घेतलं आणि तिथून शिसं घातलेली काच पुढे आली. ही कापायला सोपी, चकाकते जास्त आणि जड. ती ओळखायला किचनमधला डिजिटल काटा पुरे. भांडं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्य करा. भांडं दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा. तळाला टेकू देऊ नका, आत हवेचे बुडबुडे नकोत. दिसेल त्या आकड्याने पहिल्या वजनाला भागा. उत्तर २.५ च्या आसपास आलं तर साधी काच, ३ च्या पुढे गेलं तर शिसं नक्की. आमचा बाउल ९३० ग्रॅम, पाण्यात ३००. म्हणजे ३.१!

पण लगेच नाचू नका. शिसं असलेली काच आजही बनते, त्यामुळे जुनेपणा ठरवायला ओरखडे आणि नक्षीच बघायची. आणि किमतीसाठी ऑनलाइन कुणी किती मागतंय ते सोडा, लिलावात खरंच कितीला गेलं ते शोधा. काठाला टवका असेल तर भाव धाडकन पडतो.

आमच्या बाउलला नेमका तोच होता. ओळखीच्या डीलरने १,५०० सांगितले. आत्या जरा गप्प झाली. मग म्हणाली, "एवढ्यासाठी कशाला विकायचा? मला दे, लिंबाचं लोणचं ठेवीन."

लोणचं अजिबात नाही! आंबट पदार्थात किंवा दारूत शिसं उतरतं, म्हणून अशा भांड्यात खाण्यापिण्याचं काहीही साठवायचं नाही.

सध्या तो आत्याकडे आहे. सुट्ट्या पैशांनी भरलेला.