नाकावरचा मास्क आणि पहाटेचा डबा

वसईच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. वय अठ्ठेचाळीस. घोरण्यावरून घरात थट्टा व्हायची, सकाळी डोके जड, दुपारी भाजी निवडतानाही डुलकी. तपासणीत ‘स्लीप ॲप्निया’ निघाला आणि सीपॅपचे यंत्र घरी आले. त्या लिहितात, “ताई, मास्क लावला की जीव गुदमरतो. दोन वाजता काढून टाकते. हे काही बोलत नाहीत, पण मलाच लाज वाटते. पाहुणे आले की यंत्र कपाटात. परत देऊन टाकू का?”

नको हो, इतक्यात नको.

या आजारात झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट मिटते. श्वास दहा सेकंद, कधी त्याहून जास्त अडतो आणि झोप मोडते. रात्रीतून कितीतरी वेळा, आणि आपल्याला पत्ता नसतो. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले होते. घोरणे पुरुषांचेच, हा आपला समज. पाळी गेल्यावर बायकांतही हा आजार वाढतो. आपला थकवा मात्र “रक्त कमी असेल” म्हणून वाटेला लावला जातो!

यंत्र हवेच्या दाबाने ती वाट उघडी ठेवते, एवढेच. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1980 साली ते प्रथम वापरले, तेही व्हॅक्यूम क्लीनरची मोटर लावून. त्या मानाने आजचे यंत्र अगदी शांत.

आता सवयीचे. पहिल्यांदा रात्री लावूच नका. दुपारी टीव्हीपुढे बसून यंत्र चालू करून मास्क लावा. पंधरा मिनिटे, मग अर्धा तास. ‘रॅम्प’ची सोय असेल तर दाब हळूहळू चढतो, गुदमरल्यासारखे कमी होते. पट्टे करकचून आवळू नका, आडवे पडून बसवा. नाकावर वळ उठला किंवा डोळ्यांत हवा गेली, तर बहुधा माप चुकले आहे, बदलून मागा. तोंड कोरडे पडत असेल तर डॉक्टरांना सांगा. दाब मात्र आपल्या मनाने बदलायचा नाही.

वसईची दमट हवा ध्यानात ठेवा. यंत्र उशीपेक्षा खाली ठेवले म्हणजे नळीतले पाणी नाकाशी येत नाही. भांड्यात डिस्टिल्ड पाणी घाला. बोअरिंगच्या पाण्याने क्षार धरतात. मास्क रोज सकाळी सौम्य साबणाने धुवून सावलीत वाळवा, पावसाळ्यात पंख्याखाली. वीज गेली तर मास्क काढा आणि कुशीवर झोपा.

पण खरी गोष्ट पुढेच. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि श्वास त्याच झोपेत जास्त अडतो. म्हणजे दोन वाजता मास्क निघाला की गरजेचेच तास उघडे पडतात. त्यातून विरारहून येणारी पहाटेची लोकल गाठणाऱ्यांचा डबा म्हणून तुम्ही चारला उठत असाल, तर झोप राहिली कुठे? भाजी रात्री होऊ शकते. पोळ्या घरातल्या आणखी कुणाला येत नाहीत का?

आणि यजमानांना एकदा विचाराच, तुमचा श्वास थांबतो तेव्हा त्यांना काय वाटते ते. बोलत नाहीत म्हणजे झोपलेलेच असतात, असे नव्हे.

महिन्याने डॉक्टरांकडे जाताना यंत्र बरोबर न्या. किती तास लावले याची नोंद त्यात असते, तिथे थाप चालत नाही.