हात धुणारा पिलात आणि दोन बोकड

आमच्या शेजारचा एक मुलगा यंदा दहावीस आहे. दिवेलागण झाली, घरची प्रार्थना आटोपली, की वही घेऊन तो माझ्याकडे येऊन बसतो. गेल्या पंधरवड्यात त्याला इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ ओळखून त्यांचा उपयोग मराठी वाक्यांत करून दाखवावयाचा होता. ‘टु वॉश वन्स हँड्स ऑफ समथिंग’ हा त्यांपैकी एक. मुलाने क्षणभर विचार केला आणि मोठ्या विश्वासाने लिहिले, ‘पोलीस हात धुऊन त्या प्रकरणाच्या मागे लागले.’

वाचकहो, मला हसू आले नाही. मुलाने काही वेडगळपणा केला नव्हता. आपल्या मायबोलीच्या आधाराने तो परक्या भाषेत शिरू पाहत होता. मराठीत हात धुऊन मागे लागणारा माणूस पिच्छा सोडीत नाही आणि वाहत्या गंगेत हात धुणारा आलेली संधी दवडीत नाही. दोघेही कामाला चिकटतात. इंग्रज मात्र ज्या गोष्टीचे हात धुतो, तिच्यापासून तो दूर होतो. ‘येथून पुढे जे घडेल त्याचा दोष माझ्या माथी नको,’ असे तो म्हणतो. आपण यालाच हात झटकणे किंवा अंग काढून घेणे म्हणतो. मुलाने लिहिलेला अर्थ मूळ अर्थाच्या नेमका उलट होता.

मी त्याला विचारले, “क्रुसाच्या वाटेचे पहिले स्थान कोणते?”

“पिलात येशूला मरणदंड देतो.”

“बरे. त्या वेळी लोकांसमोर तो काय करतो?”

मुलगा थांबला. मग हळूच म्हणाला, “पाणी मागवून हात धुतो.” आणि मी पुढे काही बोलण्याच्या आतच त्याने आपले वाक्य खोडून टाकले.

अर्थ त्याला ठाऊक होता. तो आपल्याला ठाऊक आहे, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. आपल्या गावांतील कितीतरी मुलांची हीच गत आहे, म्हणून हा विषय आज घेतला.

वाक्प्रचार म्हणजे पुष्कळदा एखादी मोठी गोष्ट चार शब्दांत बांधलेली पुरचुंडी असते. आपण एखाद्याला शकुनीमामा म्हणतो, एखाद्याच्या झोपेला कुंभकर्णाची झोप म्हणतो, गरिबाच्या प्रेमळ भेटीला सुदाम्याचे पोहे म्हणतो. ज्याने ह्या कथा ऐकलेल्या नाहीत, त्याने हे शब्द कोशात कितीही शोधले तरी त्याच्या हाती टरफलेच येणार. इंग्रजीतही तसेच आहे. जहाजे, शेती, शिकार, क्रिकेट अशी तेथील वाक्प्रचारांची अनेक कोठारे आहेत आणि त्यांतील फार मोठे कोठार बायबलचे आहे. पहिल्या जेम्स राजाच्या कारकिर्दीत १६११ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतर पुढे पिढ्यान्‌पिढ्या देवळांत मोठ्याने वाचले गेले. ज्या शेतकऱ्याला अक्षर ओळखता येत नव्हते, त्याच्याही कानांत त्यातील शब्द बसले आणि तेथून बाजारात, न्यायालयात, वर्तमानपत्रात गेले. त्याच कथा आपण दर रविवारी मिस्सामध्ये ऐकतो. असे असूनही आपली मुले डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी अशा याद्या पाढ्यांसारख्या पाठ करीत बसतात!

जाता जाता सांगावेसे वाटते, की ह्या कथा विस्ताराने मराठी ओवीत आणणारे फादर थॉमस स्टीफन्स हेही जन्माने इंग्रजच. ते १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. म्हणजे जेम्स राजाच्या बायबलानंतर अवघ्या पाच वर्षांनी.

आता बोकडांकडे वळू. एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी मारले, की त्या दुसऱ्याला इंग्रजीत ‘स्केपगोट’ म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांत याचे सरसकट भाषांतर होते ‘बळीचा बकरा’. परंतु लेवीय ग्रंथाचा सोळावा अध्याय उघडून पाहा. तेथे बोकड दोन आहेत. चिठ्ठ्या टाकून एकाची निवड बळीसाठी होते. दुसऱ्याच्या मस्तकावर याजक दोन्ही हात ठेवतो, सर्व लोकांची पापे उच्चारतो आणि त्या बोकडाला जिवंत रानात सोडून देण्यात येते. इंग्रजी शब्द आहे तो ह्या दुसऱ्या बोकडाचा. विल्यम टिंडल यांनी १५३० साली छापलेल्या आपल्या भाषांतरात तो प्रथम घडविला. त्याचा अर्थच मुळी ‘निसटून जाणारा बोकड’. म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांनी बोकड बदलला! ‘बळीचा बकरा’ हा शब्द आता रूढ झाला आहे, तो कोणी सोडणार नाही आणि सोडावा असा माझा आग्रहही नाही. पण दोहोंतील भेद मुलांना दाखवावा. एकाचा जीव जातो; दुसरा जगतो, पण इतरांच्या दोषांचे ओझे घेऊन गावाबाहेर जगतो. गावकीच्या भांडणात नाहक बदनाम झालेला माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ह्या दुसऱ्याची व्यथा समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक मौजेची गोष्ट आहे. इंग्रजी बोलणाऱ्या कॅथलिकांचे जुने बायबल निराळे होते. त्याचा नवा करार १५८२ साली रेम्स येथे आणि जुना करार १६०९-१० मध्ये दुए येथे छापला गेला. ते भाषांतर लॅटिनवरून केलेले असल्यामुळे त्यात ‘स्केपगोट’ नाही. ‘रवाना केलेला बोकड’ अशा अर्थाचा शब्द आहे. ईयोबाच्या ग्रंथातही असाच फरक पडला आहे. थोडक्यात बचावणाऱ्याविषयी इंग्रज म्हणतो, ‘बाय द स्किन ऑफ हिज टीथ’, म्हणजे दातांवरच्या कातडीने निभावला. दातांना कातडी असते कोठे? पण जेथे काहीच उरलेले नाही तेथे तेवढ्यावर निभावले, असा त्यातील भाव. दुएच्या बायबलात त्याच जागी दातांभोवती केवळ ओठ उरल्याचा उल्लेख आहे. तेव्हा इंग्लंडातील कॅथलिक घरालाही हा वाक्प्रचार शेजाऱ्याकडून उसना घ्यावा लागला असणार.

‘अॅट द इलेव्हन्थ अवर’ याचा अर्थ ‘अकरा वाजता’ असा लिहिणारी मुले मी पाहिली आहेत. हे शब्द संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यातून आले. त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दिवसाचे बारा तास मोजीत. अकरावा तास म्हणजे आपले सायंकाळचे सुमारे पाच. काम संपावयास एक तास उरलेला असताना मालक चौकात जातो. कोणी कामावर न घेतल्यामुळे दिवसभर तिष्ठत बसलेली माणसे त्याला तेथे दिसतात. तो त्यांना मळ्यात पाठवितो आणि संध्याकाळी त्यांच्याही हातावर पुऱ्या दिवसाचा रोज ठेवतो. ‘अगदी शेवटच्या घटकेला’ एवढाच अर्थ इंग्रजीने त्यातून उचलला. घड्याळ ठेवून घेतले आणि मजुरी विसरली. आपल्याकडे पहाटे नाक्यावर कामाच्या आशेने उभे राहणाऱ्यांना आणि कोणी न नेल्यामुळे उन्हे चढल्यावर रिकाम्या डब्यासह घरी परतणाऱ्यांना हा दाखला इंग्रजांहून अधिक कळेल.

‘टॅलेंट’ हा शब्द आता खेड्यातही सर्वांच्या तोंडी आहे. मुळात ते एक वजन होते. चांदीच्या एका टॅलेंटमध्ये मजुराचा सुमारे सहा हजार दिवसांचा रोज भरे. धन्याने सोपविलेली एवढी रक्कम जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराच्या दाखल्यावरून त्या शब्दाला ‘अंगचा गुण’ हा अर्थ आला.

‘फ्लाय इन द ऑइंटमेंट’, म्हणजे सुगंधी लेपात पडलेली माशी, याला आपला दुधातील मिठाचा खडा चपखल बसतो. ‘फीट ऑफ क्ले’ मात्र जपून वापरावे. दानिएलाच्या ग्रंथात नबुखद्नेस्सर राजाला स्वप्नात जो पुतळा दिसला, त्याचे मस्तक सोन्याचे होते आणि पावलांत लोखंडाबरोबर माती मिसळलेली होती. थोर माणसाच्या अंगचा लपलेला दोष दाखविण्यास हे शब्द वापरतात. ‘त्याचे पाय जमिनीवर आहेत’ ही आपल्याकडची स्तुती. मुले दोहोंची गल्लत करतात आणि सत्कार करावयाचा त्याची निंदा करून बसतात.

आता दुसऱ्या बाजूचाही इशारा द्यावयास हवा. धार्मिक वाटले की ते बायबलातलेच, असे धरून चालू नये. ‘जो स्वतःला साहाय्य करतो त्याला देव साहाय्य करतो’ ही इंग्रजी म्हण बायबलात शोधू नका; ती तेथे नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ सालच्या आपल्या पंचांगात ती छापली आणि ती घरोघर गेली. तिच्यातील विचार इसापाच्या गोष्टीइतका जुना आहे. ‘छडी वाचवाल तर मूल बिघडवाल’ ह्या म्हणीचा आशय नीतिसूत्रांत सापडतो, पण तिचे आजचे इंग्रजी शब्द सॅम्युएल बटलर या कवीच्या १६६४ सालच्या एका विनोदी काव्यातले आहेत. मुलांवर हात उगारताना पवित्र शास्त्राचा दाखला देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे!

‘पीटरला लुबाडून पॉलचे देणे फेडणे’, म्हणजे आपली ‘ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर’, हीही बायबलातली नव्हे. लंडनमध्ये सोळाव्या शतकाच्या मध्यास संत पेत्राच्या वेस्टमिन्स्टर मठाच्या जमिनी संत पौलाच्या देवळाकडे वळविल्या, त्यावरून ती निघाली, असे कित्येक पुस्तकांत लिहितात. कथा सुरस आहे, परंतु खरी नाही. कारण तसेच शब्द चौदाव्या शतकातील लेखनात आढळतात.

हे सारे मी त्या मुलाला दोन-तीन संध्याकाळी सांगितले. परवा त्याच्या यादीत ‘डाउटिंग थॉमस’ निघाला. आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून विश्वास न ठेवणारा माणूस, असा अर्थ त्याने न अडखळता सांगितला. त्याची आजी ओट्यावर शेंगा सोलीत बसली होती. तिने हातचे काम थांबविले आणि विचारले, “कोण थॉमस? आपला संत थोमा?”

“होय,” मी म्हणालो.

“आठ दिवस शंका घेतली त्याने. पुढच्या आठवड्यात ‘माझ्या प्रभू, माझ्या देवा’ म्हणाला की नाही? त्या आठ दिवसांसाठी इंग्रज अजून त्याला नावे ठेवतात होय?”

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी त्याला यादीतला पुढचा वाक्प्रचार घ्यावयास सांगितले.