गाडीचे गुडघे

"अगं, तुझ्या गाडीचे गुडघे वाजतायत," सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या.

फलटणहून साताऱ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे निघालो होतो. मागच्या वर्षी त्या न्हाणीघरात घसरल्या आणि मणक्याला चीर गेली. तेव्हापासून महिन्यातून एकदा ही वारी. गाडी चालवणार मी, कारण आमचे हे नोकरीच्या बदलीने दोनशे किलोमीटर लांब. पंधरा दिवसांनी येतात, दोन दिवस राहतात, जातात. गाडी २०१२ सालची, छोटी. शाळेत जायला, किराणा आणायला, आईंना डॉक्टरकडे न्यायला तीच.

आईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं. पण पुढच्या गतिरोधकावर मीही कान दिला. हळू चढवली की डाव्या बाजूने पुढून "टक् टक्", आणि खड्ड्यात चाक गेलं की "धडाक्!" आरशात पाहिलं तर प्रत्येक धडाक्‌ला आई खिडकीवरची मूठ घट्ट धरत होत्या आणि ओठ मिटून घेत होत्या. एका शब्दाने बोलल्या नाहीत. घाट संपेपर्यंत मलाच घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेले. म्हटलं, "गाडी वाजतेय." मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "वहिनी, साहेबांना फोन लावून द्या, मी बोलतो त्यांच्याशी." मी निमूटपणे लावून दिला. दोघांचं दोन मिनिटं बोलणं झालं. पुढचे दोन्ही शॉकअप, लोअर आर्म, सगळा सेटच बदलायचा, खर्च पंधरा हजार. फोन माझ्याकडे आला तेव्हा हे म्हणाले, "तो म्हणतोय तर टाक करून."

आता गंमत बघा. ज्यांनी तीन आठवड्यांत गाडीत पाऊल टाकलं नव्हतं त्यांना विचारलं गेलं. जी रोज तो आवाज ऐकत होती तिला एक प्रश्नही नाही. मला राग आला, पण घरी येताना वाटेत आठवलं की गॅरेजमध्ये शिरताना पहिलं वाक्य मीच बोलले होते, "मला बाई त्यातलं काही कळत नाही." आणि खरं सांगू? ते थोडं लाडिकपणेच बोलले होते. मग त्याने साहेबांना फोन लावायला सांगितलं तर त्याचं काय चुकलं?

काम थांबवलं आणि दोन दिवस मागून घेतले. मेथी निवडता निवडता मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. गाडीबरोबर आलेलं पुस्तक इतक्या वर्षांनी पहिल्यांदा उघडलं. आणि कळलं ते असं, की आईंचं निदान अगदी बरोबर होतं!

आपल्या गुडघ्यात दोन हाडांच्या मधे जशी गादी असते, तशीच गाडीच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या जोडांत रबराची जाड कडी असतात. त्यांना बुश म्हणतात. खड्ड्याचा दणका ती पोटात घेतात आणि लोखंडाला लोखंड घासू देत नाहीत. ऊन, धूळ, इंजिनाचं गळणारं ऑइल आणि सरणारी वर्षं यांनी रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात, ते चुरतं. मग लोखंड लोखंडावर आपटायला लागतं. नुसता आवाज आला तर एक वेळ सोसता येईल. पण बुश फार झिजले की स्टिअरिंग सैल वाटतं, टायर एकाच बाजूने झिजतात, ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते. घाटात म्हातारं माणूस मागे बसलेलं असताना हे परवडणारं नाही.

बारावीतल्या लेकीला बॅटरी धरायला लावली, अंगणातल्या कोब्यावर गोणपाट टाकलं आणि चाक पूर्ण वळवून आत डोकावले. पुढच्या दोन चाकांच्या मधे एक आडवा वाकडा दांडा असतो, स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी फार झुकू नये म्हणून तो असतो. दोन पट्ट्यांनी तो गाडीला बांधलेला असतो आणि पट्टीच्या आत रबरी बुश. दांडा हाताने हलवून पाहिला तर खुळखुळला. तसा तो हलायला नको होता. रबराचा तर पार चुरा झालेला.

हे बुश बदलणं घरी जमण्यासारखं आहे, कारण ते एका बाजूने चिरलेले असतात. दांडा न काढताच बसवता येतात. जोडी मिळाली दोनशे चाळीस रुपयांना. दुकानदाराने विचारलंच, "कोणासाठी?" म्हटलं, "माझ्यासाठी."

आता जे केलं ते नीट सांगते, कारण इथे हयगय चालत नाही. गाडी सपाट, पक्क्या जागी उभी केली. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. चाकांचे नट गाडी खाली असतानाच थोडे सैल केले. मग पुस्तकात दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचलली आणि दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावून त्यांच्यावर टेकवली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. जॅक सटकू शकतो. विटांच्या चळतीवर तर मुळीच भरवसा ठेवायचा नाही, वीट फुटते. काढलेली चाकंही मी कडेने गाडीखाली आडवी सरकवून ठेवली, चुकून स्टँड घसरला तर गाडी त्यांच्यावर बसावी म्हणून. आणि दोन्ही चाकं सारखी उचलायची. एकच उचललं तर तो दांडा पिळलेला राहतो आणि पट्टी सोडताना झटका देतो.

पहिल्या दिवशी एक बोल्ट हलेना. बारा नंबरच्या गोटीपान्याने जोर लावून हात सोलला. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "कशाला हात काळे करतेस? चार पैसे टाकले की होतंय की." संध्याकाळी ह्यांचाही फोन, "नसता उद्योग." बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला आणि झोपले. सकाळी तोच बोल्ट मुकाट्याने सुटला.

जुनं रबर काढलं, दांडा पुसला, नवीन रबराला साबणाचं पाणी लावून बसवलं. घरातलं तेल किंवा साधं ग्रीस रबराला लावायचं नाही, रबर फुगतं आणि खराब होतं. बोल्ट आवळणार इतक्यात लेक म्हणाली, "आई, चीर उलट्या बाजूला आलीये." तिने आधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. जुन्याची चीर जिकडे होती तिकडेच नव्याची हवी. पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. दोन्ही बोल्ट आधी हाताने फिरवून मग आलटून पालटून आवळले. चाकं लावली, गाडी खाली घेतली, चाकांचे नट समोरासमोरचे असे आवळले. चार किलोमीटर हळू फिरवून आणली आणि सगळे नटबोल्ट पुन्हा तपासले.

"टक् टक्" गेलं. खरंच गेलं! पण "धडाक्" थोडं उरलं होतं. पुन्हा खाली पाहिलं तर लोअर आर्मच्या बुशचं रबर त्याच्या लोखंडी कड्यापासून सुटून आलेलं. इथे मी थांबले. तो बुश दाबयंत्रानेच काढावा-घालावा लागतो, घरात हातोडीने ठोकून आर्म वाकला तर चाकाचाच घोळ. आपलं काम कुठे संपतं हेही खाली डोकावल्यामुळेच कळलं.

पुन्हा त्याच गॅरेजमध्ये गेले. या वेळी म्हटलं, "डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश फाटलाय. स्टॅबिलायझरचे मी बदललेत. शॉकअपमधून तेल गळत नाही. बॉनेटचा कोपरा दाबून सोडला तर गाडी एकदा वर येऊन स्थिर होते, डुलत राहत नाही. मग शॉकअप बदलायची गरज आहे का, बघून सांगा." त्याने वाकून पाहिलं. शॉकअप अजून चालतील म्हणाला. साहेबांना फोन लावायला काही सांगितलं नाही.

बुश बसवून झाले. मी विचारलं, "शेवटचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळलात ना?" कारण चाक लोंबकळत असताना हा बोल्ट आवळला, की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग पोराला हाक मारली, "ए, तो बोल्ट ढिला कर, गाडी खाली घेऊन आवळ." अलाइनमेंट धरून सगळा खर्च अडीच हजारांच्या आत झाला.

मैत्रिणींनो, तो मेकॅनिक लबाड आहे असं मी म्हणणार नाही. नुसतं "गाडी वाजतेय" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला सगळा सेट बदलून देणं हाच त्याला सोपा आणि तक्रार न येणारा मार्ग. आपण मुलांच्या डॉक्टरकडे जातो तेव्हा "मूल आजारी आहे" एवढंच म्हणतो का? खोकला कोरडा की ओला, रात्री वाढतो की सकाळी, ताप कधी चढला, सगळं सांगतो. मिक्सरचा आवाज बदलला की आपल्याला स्वयंपाकघराबाहेरून कळतं. पाण्याची मोटर कोरडी फिरतेय हे अंथरुणातून कळतं. एवढे तयार कान घेऊन आपण गॅरेजच्या दारात "मला काही कळत नाही" म्हणून उभ्या राहतो. कुठून आवाज येतो, कोणत्या वेगाला, वळताना की ब्रेक मारताना, एवढं कागदावर लिहून नेलं तरी निम्मं काम झालं.

आणि हे काही नवं नाही. मोटारगाडीची पहिली लांब पल्ल्याची सफर एका बाईने केली. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीतल्या बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली गाडी घेऊन मानहाइमहून फॉर्त्सहाइमला माहेरी गेल्या. शंभराहून जास्त किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली तर हॅटच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ज्याला आपण पुरुषांचं काम म्हणतो, त्याची सुरुवात अशी माहेरच्या वाटेवर झाली आहे!

प्रत्येकीने गाडीखाली झोपावं असं माझं म्हणणं नाही. स्टँड नसेल, पक्की जागा नसेल, जोडीला कोणी नसेल तर करूच नये. काकूंचं "चार पैसे टाकले की होतंय" हेही खोटं नाही, मीही शेवटी पैसे टाकलेच. पण ज्या गाडीत आपण आपली माणसं बसवतो, तिच्याबद्दल "मला त्यातलं कळत नाही" हे वाक्य आता पुरे झालं. ते बोललं की विचारायचा हक्क आपण स्वतःच दुसऱ्याच्या हातात देतो. शिवाय आपल्या लेकी शेजारी उभ्या राहून ऐकत असतात. माझ्या लेकीने परवा स्वतःहून टायरची हवा तपासली, मी सांगितलं नव्हतं.

या महिन्यात पुन्हा साताऱ्याला गेलो. घाट उतरल्यावर आरशात पाहिलं. आईंनी खिडकीवरची मूठ धरलेली नव्हती. मान कलती करून त्या गाढ झोपल्या होत्या. डॉक्टरांच्या दारात उठवलं तर म्हणाल्या, "आलं पण? गाडीच्या गुडघ्यांचं झालं बाई एकदाचं. आता माझ्या मणक्याचं काय म्हणतात ते बघू."