विश्लेषण : खरजेवर वनस्पतिजन्य तेल हे औषधाला जोड, पर्याय नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. कोणत्याही वेळी जगातील सुमारे २० कोटी लोक तिने ग्रस्त असतात, असा अंदाज आहे. पर्मेथ्रिन मलमाचा गुण कमी होत असल्याचे अनुभव भारतासह अनेक देशांतील त्वचारोगतज्ज्ञ नोंदवत असल्याने जोड-उपचारांकडे लक्ष वळले आहे.

उत्तर ऑस्ट्रेलियात जाड खपल्या धरणाऱ्या तीव्र खरजेवर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांसोबत बेंझिल बेंझोएट व टी ट्री तेलाचे मिश्रण लावले जाते. या तेलातील टर्पिनिन-४-ऑल हा घटक खरजेच्या जंतूंना मारतो, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. आयव्हरमेक्टिनने अंडी मरत नसल्याने गोळ्यांची मात्रा पुन्हा द्यावी लागते. म्हणूनच प्रभावी जोडीचे महत्त्व आहे.

तथापि, रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांचा पुरावा अद्याप तोकडा आहे. शुद्ध तेलाने त्वचेचा दाह होऊ शकतो आणि ते पोटात गेल्यास विषारी ठरते. औषध टाळून केवळ तेलावर विसंबल्यास जखमांत जिवाणूसंसर्ग होऊन मूत्रपिंडांनाही इजा पोहोचू शकते. संपूर्ण कुटुंबावर एकाच वेळी औषधोपचार हाच आजही खरूज रोखण्याचा पाया आहे.