अमीर खाँसाहेबांचा मारवा आणि आपला ‘ट्रान्स’

गोव्यात ‘ट्रान्स’ म्हटलं की हणजूणचा किनारा, रात्रभर चालणारा एकच ठोका आणि भान हरपून नाचणारे लोक आठवतात. जॅझवाल्यांचा ट्रान्स वेगळा. जॉन कोल्ट्रेनने १९६१ साली न्यूयॉर्कमध्ये ‘इंडिया’ वाजवलं तेव्हा दोन बेस साथीला घेतले, खाली स्वर घुमत राहावा म्हणून. अ‍ॅलिस कोल्ट्रेनच्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’मध्ये (१९७१) तर चक्क तंबोराच आहे. दोन्ही मला आवडतात. पण घुमणाऱ्या एका स्वरावर माणूस किती वेळ आणि किती खोल विचार करू शकतो, हे ऐकायचं तर इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांकडेच (१९१२–१९७४) जावं लागतं.

त्यांची एच.एम.व्ही.ची एलपी आहे. एका बाजूला मारवा, दुसरीकडे दरबारी. मारव्यात पंचम नाहीच आणि षड्जावरही फारसं थांबायचं नसतं. तंबोरा मात्र षड्ज सोडत नाही! चौदा मात्रांचा संथ झुमरा चालू असतो आणि खाँसाहेब कोमल रिषभावर, धैवतावर उभे राहतात. घर समोर दिसतंय, पण आत जायचं नाही, अशी ती हुरहूर. जॅझमधला घुमणारा स्वर वादकाला मोकळं रान देतो, इथे तोच त्याला ओढत राहतो.

आणि ज्याला लोक ‘तेच तेच’ म्हणतात ते तेच नसतं. खाँसाहेबांची मेरुखंडाची रीत अशी की तीन स्वरांचे सहा क्रम होतात, चारांचे २४, सातांचे ५०४०. प्रत्येक वेळी एखादा स्वर जागा बदलतो. ही रीत भेंडीबाजार घराण्याची. आपल्या अंजनीबाई मालपेकर त्याच घराण्याच्या, म्हणजे हे गाणं आपल्याला परकं नाही.

म्हणूनच विलंबिताला ‘झोपेचं गाणं’ म्हटलेलं मला खटकतं. हणजूणला भान विसरायचं असतं, मारव्यात ते जागं ठेवावं लागतं. पाऊण तासात दोन राग, एक नाट्यगीत आणि भैरवी बसवणाऱ्या आयोजकांना एवढंच सांगणं आहे, की वर्षातून एकदा तरी एका गायकाला एकच राग आणि पुरता दीड तास द्या. कंटाळून चार माणसं उठून गेली तर जाऊ देत. उरलेल्यांना गाणं मिळेल.