विश्लेषण : ‘थेट खात्यात’ जाणारे अनुदान भलत्याच्याच खात्यात कसे जाते?

जालना जिल्ह्यातील अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळातील अतिवृष्टी अनुदानात सुमारे २५ कोटी रुपयांचा अपहार झाल्याचे चौकशीत समोर आले. २०२५ मध्ये तलाठी व लिपिकांसह महसूल कर्मचाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण व्यवस्थेतील फट त्याआधीच उघडी पडली आहे.

अनुदान कसे मिळते?

पिकाचे ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झाल्यास तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक संयुक्त पंचनामा करतात. त्यावरून गावाची यादी बनते आणि तहसील कार्यालयातून ती संगणक प्रणालीत भरली जाते. शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो, तो ई-केवायसी करतो आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात.

गडबड नेमकी कुठे?

जमीन नसलेल्यांची नावे, वाढवून दाखवलेले क्षेत्र, एकाच व्यक्तीला दुबार लाभ, असे हे आरोप आहेत. यातले काहीही बँकेत घडत नाही, सगळे यादीत घडते. ई-केवायसी एवढेच सांगते, की अंगठा लावणारा माणूस खरा आहे. त्याच्या नावावर शेत आहे का, त्यात कपाशी होती का आणि ती पाण्यात गेली का, हे ती सांगत नाही. यादीच खोटी असेल, तर ‘थेट लाभ’ म्हणजे चुकीच्या माणसाला थेट लाभ.

रक्कम किती मोठी?

२०२२ च्या पावसाळ्यातील नुकसानीसाठी राज्याने जिरायतीला हेक्टरी १३,६०० रुपये, तीन हेक्टरच्या मर्यादेत, असा वाढीव दर दिला होता. त्या दराने २५ कोटी म्हणजे १८ हजारांहून अधिक हेक्टरची मदत. कपाशी, सोयाबीन आणि मोसंबीवर जगणाऱ्या या पट्ट्यात ही रक्कम अनेकांच्या पुढच्या पेरणीचे बियाणे-खत ठरली असती.

निलंबनाने भागेल?

नाही. दोषींवर कारवाई आणि वसुली व्हायलाच हवी, पण तेवढ्यावर थांबलो तर पुढच्या अतिवृष्टीत माणसे बदलतील, पद्धत तीच राहील. दुसरा धोका असा, की घोटाळ्याचे निमित्त करून आणखी कागद मागितले जातील आणि खऱ्या शेतकऱ्याच्याच चकरा वाढतील.

मग उपाय काय?

सातबारा ऑनलाइन आहे, ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू आहे. गट क्रमांक, क्षेत्र आणि पीक यांचा मेळ पैसे सुटण्याआधी संगणकानेच घालावा. मेळ बसणार नाही त्या नोंदी आपोआप अडवाव्यात. मात्र जिची पीक पाहणी राहून गेली, अशी खरी नोंद यंत्राच्या नकाराने बाद होऊ नये; तिची जागेवर पडताळणी व्हावी.

त्याहून सोपा उपाय गावातच आहे. नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि रक्कम अशी यादी पैसे वाटण्याआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, ग्रामसभेत वाचावी आणि हरकतींना आठ दिवस द्यावेत. कोणाचे शेत कुठे आहे आणि कोणाचे नाहीच, हे गावाला कोणत्याही संगणकापेक्षा चांगले ठाऊक असते. त्या गावाला यादी आधी दाखवायला काय हरकत आहे?