न तपासता दिलेलं औषध

ऑनलाइन उपचारांना विरोध करणाऱ्या डॉक्टरांच्या मनात एक दवाखाना पक्का बसलेला असतो. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ बाई आहेत, पडदा आहे, सूक्ष्मदर्शक आहे आणि पेशंटचं ऐकून घ्यायला सवड आहे. त्याच्यापुढे फोनवरचा सल्ला फिका पडणारच. पण अंगावरून पांढरं जातंय, त्याला माशासारखा वास येतोय, अशी तक्रार असलेली बाई असा दवाखाना टाकून फोनकडे वळते, हे कुणी ठरवलं? बहुतेकदा ती मेडिकलवाल्याकडून येते, नाहीतर महिनोन्‌महिने अंगावर काढून येते.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. त्यानंतर रस्ते झाले, दवाखाने वाढले, हे कबूल. पण धुपणीने, म्हणजे पांढरं जाण्याने, हाडं झिजतात असं मानून ती सोसत बसणाऱ्या बायका आजही भेटतात.

आता मुख्य आक्षेप: न तपासता निदान कसं करणार? आक्षेप पोकळ नाही. माशासारख्या वासामागे बहुधा असणाऱ्या बॅक्टेरिअल व्हजायनोसिसच्या निदानासाठी १९८३ पासून अॅम्सेलचे निकष वापरले जातात. पातळ, एकसारखा स्राव, ४.५ च्या वर गेलेला पीएच. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच उठणारा वास. आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी लगडलेल्या पेशी. चारांपैकी तीन जुळले की निदान पक्कं. फोनवर यातलं वर्णन तेवढं मिळतं, फार तर घरी केलेल्या पीएच पट्टीचा रंग.

पण गर्दीच्या ओपीडीत ओली स्लाइड स्वतः बघणारे डॉक्टर किती, हे आक्षेप घेणाऱ्यांनीच सांगावं. आणि सरकारचं काय? राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात लक्षणांवरून उपचार करण्याची रीतच आहे. जिथे तपासणीची सोय नाही तिथे योनिस्रावाच्या तक्रारीवर हिरवं किट देतात: सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम. सरकारी केंद्रात जे शास्त्र ठरतं, ते फोनवर आलं की भोंदूगिरी कसं होतं?

या रीतीत चुका होतात, हे मान्यच आहे. ट्रायकोमोनासमध्येही वास येतो आणि पीएच चढतो. दोन्हींवर औषध एकच, मेट्रोनिडॅझोल. पण तिथे नवऱ्यालाही गोळ्या द्याव्याच लागतात, नाहीतर बाई बरी होऊन पुन्हा आजारी पडते. म्हणून नीट प्रश्न विचारणारा डॉक्टर लागतो. खाज जास्त आणि स्राव दह्यासारखा असेल तर बुरशीचा संशय. संबंधानंतर वास वाढत असेल तर संशयाची दिशा वेगळी. ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, दिवस गेलेत, मध्येच रक्त जातंय, यातलं एकही 'हो' आलं की फोन ठेवायचा आणि दवाखाना गाठायला सांगायचं. हे न सांगणाऱ्या डॉक्टरची बाजू मी घेणार नाही.

अँटिबायोटिकचा गैरवापर वाढेल, हा दुसरा आक्षेप. तो घेणाऱ्यांनी एकदा मेडिकलच्या काउंटरशी उभं राहावं. अझिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल आणि सेक्निडॅझोल एकाच खोक्यात मिळतात आणि 'पांढरं जातंय' एवढ्यावर ते खोकं हातात पडतं. ना नाव, ना नोंद. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीनुसार मात्र प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक लागतो आणि नोंद जपून ठेवावी लागते. मेट्रोनिडॅझोल सात दिवस, दिवसातून दोनदा. तोंडाला धातूची चव येते, मळमळतं आणि चौथ्या दिवशी गोळ्या सुटतात. त्या दिवशी डॉक्टरला मेसेज करता आला, तर कोर्स पुरा व्हायची शक्यता वाढते.

तिसरा आक्षेप शिकवणुकीच्या सुरात येतो: बायकांनी लाज सोडून दवाखान्यात जायला शिकावं. ज्या खोलीत पहिला प्रश्न 'लग्न झालंय का?' असा येतो आणि बाजूच्या खुर्चीत सासू नाहीतर आई बसलेली असते, तिथे लाज सोडायचं काम एकट्या पेशंटवर का?

पण ऑनलाइन म्हणून जे जे विकलं जातं त्याची वकिली मी करतेय असं समजू नका. 'इंटिमेट वॉश' आणि सुगंधी वाइप्स विकणारी दुकानं या आजारावरच पोसली जातात. योनीची आम्लता टिकवणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू आतून धुऊन काढले की आजाराला वाटच मोकळी होते. चार चौकोनांवर खुणा करून यंत्राकडून प्रिस्क्रिप्शन मिळवणं तर नियमावलीलाच मंजूर नाही. सल्ला आणि औषध माणसानेच द्यायचं. फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर खासगीपणाही उरत नाही. अशा घरातल्या बाईला उपकेंद्रातून सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर डॉक्टरशी जोडून देणारी आरोग्य अधिकारी ताई जास्त उपयोगी.

खरी कसोटी पुढे आहे. बॅक्टेरिअल व्हजायनोसिस उलटतो. बरं झाल्यावर वर्षाच्या आत निम्म्याहून अधिक जणींना पुन्हा होतो. २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जोडप्यांवरची चाचणी आली. जोडीदार पुरुषालाही सात दिवस गोळ्या आणि क्लिंडामायसिनचं क्रीम दिलं, तेव्हा बारा आठवड्यांत ३५ टक्के स्त्रियांना आजार परतला. फक्त स्त्रीवर उपचार केले त्या गटात ६३ टक्के. म्हणजे पुन्हा पुन्हा आजारी पडणाऱ्या बाईच्या नवऱ्याशी डॉक्टरने बोलायला हवं. बायकांच्या ओपीडीच्या दारात तो उभाही राहत नाही. फोनवर मात्र, बायकोला आधी एकटीला विचारून, तिची तयारी असेल तर त्याला पाच मिनिटं बोलावता येतं: कुठलं क्रीम, कुठे लावायचं, किती दिवस, आणि तोवर संबंध का टाळायचे.